चार बोटं पाणी

एझ्रा आवासकरांनी उभ्या आयुष्यात सोसायटीकडे एकच गोष्ट मागितली. खड्डा.

बावीस वर्षं ते जेलरोडच्या 'मधुपुष्प' सोसायटीत तळमजल्यावर राहत होते. इतक्या वर्षांत त्यांनी पार्किंगवरून भांडण केलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे सायकल होती. पाण्यावरून केलं नव्हतं, कारण ते काम त्यांच्या पत्नी सिपोराबाई जास्त चांगलं करत. शाळेच्या ग्रंथालयात 'शांतता राखा' या पाटीखाली तेहतीस वर्षं बसल्याचा परिणाम असेल, पण सरांचा आवाज घशातून निघाला की ओठांपर्यंत यायला वेळ घेई, आणि तोवर समोरचा माणूस विषय बदलून मोकळा झालेला असे. असा माणूस २००४ सालच्या जूनमध्ये सोसायटीच्या सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "मागच्या अंगणात मला एक खड्डा हवा आहे." सेक्रेटरी महेश देवरे यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"केवढा?"

"माणूस उभा बुडेल एवढा."

पहिल्या मजल्यावरच्या वत्सलाबाई "अगं बाई" म्हणाल्या आणि त्यांनी सिपोराबाईंकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू माप त्यांचंच घेतलं असावं.

खुलासा करणं भाग होतं, आणि खुलासा हाच सरांचा कच्चा विषय. आवासकर मंडळी बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू. नाशकात अशी घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, आणि त्यातलंही एखादं बोट वर्षा-दोन वर्षांनी इस्राएलला निघून जाणारं. सरांचा मुलगा नेथन याने दोन वर्षांपूर्वी उज्वलाशी कोर्टात लग्न केलं. उज्वला सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची, नाशकात नर्स. धर्म बदल असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. उलट तिनेच विषय काढला तेव्हा सरांनी शास्त्रात सांगितल्याप्रमाणे तिला तीनदा नको म्हटलं. तिने चौथ्यांदा विचारलं. तेव्हापासून रोज ड्यूटी संपली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सर तिला शिकवत होते. आता शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळी नेथन प्रार्थनेत अडखळला की पुढचा शब्द उज्वला हळूच सांगे, आणि नेथन तो आपल्यालाच आठवल्यासारखा म्हणे.

राहिली होती शेवटची पायरी. तीन जाणत्या माणसांच्या साक्षीने पाण्यात पूर्ण बुडी मारायची. ती मारली की उज्वला ज्यू. नाही मारली तर नुसत्या दोन वर्षांच्या वह्या.

मुंबईत एका कमिटीकडे अर्ज केला होता. कमिटीने आधी फॉर्म मागवला, मग त्या फॉर्मच्या तीन प्रती, मग नेथनच्या आजोबांच्या लग्नाचा दाखला, आणि शेवटी कळवलं की आपला विषय पुढच्या बैठकीत घेऊ. पुढची बैठक कधी, ते बैठकीत ठरणार होतं. अखेर हझ्झान शालोम पेझारकर यांचा फोन आला. पंचेचाळीस वर्षं प्रार्थना चालवलेला माणूस, वय ऐंशीच्या घरात. "एझ्रा, मी येतो. दोघांना बरोबर आणतो. पण माझं इस्राएलचं तिकीट आलंय. बावीस ऑगस्टचा रविवार तुझा. बुधवारी मी निघालो. माझ्यामागे हे काम अंगावर घेणारं इथे कोण आहे, तूच सांग."

कोणी नव्हतंच.

पाणी कुठलं, हा प्रश्न उरला. समुद्र चालतो; पण ऑगस्टात कोळीसुद्धा त्यात उतरत नाहीत. गोदावरी? सरांनी ग्रंथ उघडला. पावसाचं पाणी चालतं, पण ते वाहतं असून चालत नाही, साठून स्वस्थ बसलेलं हवं. आणि ऑगस्टात गोदावरीत पावसाशिवाय दुसरं काय असतं? म्हणून खड्डा.

आणखी एक कारण होतं, जे सरांनी सभेत सांगितलं नाही. एकतीस वर्षांपूर्वी घरी मलिदा होता. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचं ताट करतात, त्यात खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं आणि गुलाब. प्रार्थना झाली की ताट फिरतं. ताट सरांच्या हातात होतं. त्यांची धाकटी बहीण मिलका आपल्या सटाण्याच्या, ज्यू नसलेल्या नवऱ्याला घेऊन पहिल्यांदाच आली होती. कोपऱ्यातून एका आत्याबाईंनी नुसती मान हलवली, आणि सरांनी ताट त्या दोघांच्या समोरून पुढे नेलं. कोणी काही बोललं नाही. सर तर नाहीच नाही. मिलका पुन्हा त्या घरी आली नाही, आणि आता तर येण्याजोगी उरलीही नव्हती.

सभेत खड्ड्याची बाजू मांडताना सरांनी शास्त्र, परंपरा आणि नऊ मुद्दे लिहून आणले होते. देवऱ्यांनी त्यातले तीनच शब्द ऐकले. "पावसाचं पाणी साठवणार."

"रेनवॉटर हार्वेस्टिंग!" देवरे उभेच राहिले. "अहो सर, मग एवढं लाजताय कशाला?"

त्या वर्षी शहरात जिथे तिथे पाणी जिरवण्याची व्याख्यानं चालू होती, आणि देवरे प्रत्येक व्याख्यानाला पहिल्या रांगेत. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. सरांना हवा होता तो खड्डा मिळाला, आणि नको होते ते देवरे मिळाले. दुसऱ्या दिवसापासून ते नकाशा घेऊन दारात. वाळूचा थर, खडीचा थर, गच्चीवर टाकी, टाकीतून पाइप, पाइपाला व्हॉल्व्ह, शेजारी अर्ध्या अश्वशक्तीची मोटार.

"मोटार चालणार नाही," असं म्हणायला सर तोंड उघडत, तोवर देवरे व्हॉल्व्हवर पोचलेले असत.

शास्त्राचं म्हणणं अगदी साधं होतं. पाणी आभाळातून पडावं आणि स्वतःच्या पायांनी उतारावरून खड्ड्यात यावं. वाटेत बादलीत, टाकीत, कसल्याही भांड्यात थांबलं की बाद. माप चाळीस सेआ. एका पुस्तकाप्रमाणे हे साडेतीनशे लिटर, दुसऱ्याप्रमाणे पाचशे, तिसऱ्याप्रमाणे साडेसातशे. सरांनी साडेसातशे धरले. स्वतःवर भरवसा नसलेला माणूस मोठाच आकडा धरतो. त्या मापाला हौदाच्या आत एक लाल रेघ मारायची. आणि मुख्य कलम असं, की पाणी त्या रेघेला लागण्याआधी कोणी दीड-दोन तांबे जरी हाताने ओतले, तर सगळंच्या सगळं पाणी बाद. उपसून टाकायचं आणि पुन्हा आभाळाकडे बघत बसायचं.

खोदायला पुंजा गवंडी आला. त्याने पहिल्याच दिवशी पहार घातली ती सोसायटीच्या ड्रेनेजच्या पाइपावर. पुढचे दोन दिवस सोसायटीत 'आवासकर सर' हा शब्द कोणी उच्चारला नाही. सगळे नुसतं 'आवासकर' म्हणत होते. खड्डा तीन फूट सरकवला. वत्सलाबाईंनी सांगितलं, ईशान्येला सरकवा. देवऱ्यांनी सांगितलं, उताराकडे. ईशान्य आणि उतार यांचं पटेना. तिसऱ्या मजल्यावर बातमी होती की सर स्वतःची सोय करून ठेवतायत. "शांत माणूस, कोणाला त्रास नको म्हणून," असंही तिथे कोणी कौतुकाने म्हणालं.

जुलैअखेर हौद तयार झाला. सरांनी शेजारी पाटी लावली : 'कृपया यात पाणी ओतू नये.' लोक थांबून ती दोनदोनदा वाचत. हौद असून त्यात पाणी घालायचं नाही, हे प्रकरण सोसायटीला पचत नव्हतं. नळाला पाणी यायचं तेही दिवसाआड.

मग महापालिकेचे डासवाले आले. साठलेलं पाणी दिसलं की त्यात गप्पी मासे सोडायचे, असा त्यांचा नियम. त्यांच्या माणसाने पिशवीची गाठ सोडली. पिशवीत तीन लिटर पाणी आणि वीस मासे. सर हौदासमोर हात पसरून उभे राहिले. तसे ते लग्नातही उभे राहिले नसतील.

"काका, मासे सोडू द्या. नाहीतर नोटीस काढावी लागेल."

"मासे सोडा. पाणी नको."

"मासे पाण्याशिवाय कसे सोडू?"

सरांनी बनियनवर बसून वीस मासे एकेक करून ओंजळीत घेतले, बोटांमधून पाणी गळू दिलं आणि हौदात सोडले. चार मासे गवतात उडाले; तेही शोधले. वरच्या गॅलऱ्यांमधून सबंध सोसायटी बघत होती. डासवाल्याने जाताना सिपोराबाईंना हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"तीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतंत," सिपोराबाई म्हणाल्या.

शुक्रवार, वीस ऑगस्ट. पाणी रेघेच्या खाली चार बोटं. आणि पाऊस थांबला.

सर दर अर्ध्या तासाने जाऊन बोटं लावत. चारच. ढग यायचे, हौदावरून निवांत जायचे आणि दूर कुठेतरी, बहुधा देवळालीच्या बाजूला, मोकळे व्हायचे. शनिवारी तर शब्बाथ. मोजमाप करायचं नाही. सर नुसते हौदाच्या काठाशी खुर्ची टाकून बसले आणि डोळ्यांनी बोटं मोजत राहिले. मधेच वाटायचं, तीन. लगेच वाटायचं, पाच.

"मी टँकर सांगू का?" देवरे म्हणाले. "तासाभरात काम."

सरांनी मान हलवली.

वत्सलाबाई गॅलरीतून वाकल्या. "अहो, एक बादली हळूच टाका ना. देवाला काय कळणार आहे?"

"देवालाच कळेल," सर म्हणाले. ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

शब्बाथ संपला, दिवे लागले. उज्वला ड्यूटीवरून येऊन काठाशी उभी राहिली. "बाबा, नाही भरला तर?"

सरांनी मनातल्या मनात ग्रंथ चाळला. त्यात याचं कलम नव्हतं.

"आईला निरोप पाठवलाय उद्याचा," ती म्हणाली. "येईल असं नाही म्हणा."

तिची आई कुसाबाई दोन वर्षं लेकीशी बोलली नव्हती. 'पोर बाटायला निघाली' एवढं एकच वाक्य तिने त्या वेळी म्हटलं होतं.

रविवारी सकाळी सहाला सर चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. झोप लागली नव्हतीच. आभाळ कोरडं. मागच्या खिडकीतून त्यांना सोसायटीच्या फाटकाशी एक जीप दिसली, चिखलाने चाकांपासून टपापर्यंत माखलेली. तिच्यातून एक ठेंगणी, काटक बाई उतरली. मागून विशीतला एक तरुण दोन हातांत वीस-वीस लिटरचे दोन पांढरे कॅन घेऊन आला. चेहरा थेट उज्वलाचा. भाऊ लखन. म्हणजे ही कुसाबाई. घर शोधत ती दोघं मागच्या बाजूनेच आली आणि हौदापाशी थांबली.

"हेच व्हय?" कुसाबाई वाकून बघत होती. "भरलं नाय की. रेघ वर ऱ्हायली. उज्वलानं सांगितलं व्हतं ना तुला, रेघेला लागाया पायजे?"

"आये, पाटी हाय तिथं काय तरी."

"मला कुठं वाचता येतंय," कुसाबाई म्हणाली आणि तिने पहिल्या कॅनचं झाकण काढलं.

सरांच्या छातीत 'थांबा' हा शब्द तयार झाला. तो घशात आला. पहिला कॅन रिकामा झाला. शब्द जिभेवर आला. कुसाबाईने दुसरा कॅन उचलला, काठाशी टेकवला, आणि ओतता ओतता हलक्या आवाजात म्हणाली, "घे बाय, घरचं हाय."

"थांबा," सर म्हणाले. तोवर ती रिकामे कॅन लखनच्या हातात देऊन पुढच्या दाराकडे वळली होती. गॅसवर चहा उतू गेला.

पुढचा अर्धा तास घरात जे झालं, ते सरांना काचेपलीकडून पाहिल्यासारखं दिसलं. उज्वलाने दार उघडलं आणि आईच्या गळ्यात पडली. कुसाबाई "बस, बस, पोरी" म्हणत तिची पाठ थोपटत राहिली आणि सोफा सोडून दाराजवळच्या स्टुलावर बसली. सिपोराबाईंनी तिच्यापुढे चहा आणि खारी ठेवली. आणि मागच्या अंगणातून नेथन ओरडत आला. "भरला! रेघेला लागलं! पहाटे पावसाची सर येऊन गेली वाटतं!"

देवरे लुंगीवर धावले. वत्सलाबाईंनी गॅलरीतूनच हात जोडले. "मी सांगत नव्हते? ईशान्येला केलात ते बरं केलंत." सिपोराबाईंनी पोहे भिजत घातले. मलिदा करायचा होता. उज्वला रडत होती आणि हसत होती. कुसाबाई पदर तोंडाला लावून गप्प. आपण गुपचूप दिलेल्या आहेराचं कौतुक होताना माणूस दिसतो, तशी ती दिसत होती.

जमीन कोरडी होती. हे एकट्या सरांच्या लक्षात आलं होतं, आणि ते एकटेच होते ज्यांना ते लक्षात यायला नको होतं.

सर आत जाऊन ग्रंथ घेऊन बसले. कदाचित त्या कलमाला एखादी सवलत असेल. तळटीप असेल. तळटीप होती, ती जास्तच कडक होती. बोलावं, तर दोन वर्षांनी दारात आलेली बाई आल्या पावली परत जाईल, आणि बुधवारी पेझारकर विमानात बसतील. न बोलावं, तर कोणाला कळणार नाही. कोणालाही. न बोलणं तर त्यांना येतच होतं. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं होतं?

दहाच्या गाडीने पेझारकर आले. बरोबर दोघं वयस्क गृहस्थ, एक छत्री घेऊन, एक नाक शिंकरत. पेझारकर थेट अंगणात गेले, गुडघे धरून काठाशी बसले. पाण्यात वीस गप्पी मासे त्यांच्याकडे बघत होते.

"हौद छान झालाय," ते म्हणाले. मग मान वर केली. "एझ्रा, हे सगळं आभाळाचं? हाताने ओतलेलं नाही? तू हो म्हणालास की झालं. दुसऱ्या कोणाला मी विचारणार नाही."

सगळे सरांकडे बघत होते. उज्वला नवीन पांढरा झगा हातावर घेऊन तयार उभी होती. वत्सलाबाईंच्या गॅलरीत आता पाचजण होते. सरांना अचानक हातात ताटाचं वजन जाणवलं. जड, पितळी, कडेला एक गुलाब.

"मी ओतलं," ते म्हणाले.

या खेपेला शब्द वेळेवर आले. इतके वेळेवर, की ऐकून घ्यायची कोणाची तयारी नव्हती.

"तुम्ही?" सिपोराबाईंना आधी श्वासच मिळेना. "तुम्ही? अहो, मला अंगणात चूळ भरू दिली नाहीत तीन आठवडे! मासे पुसून टाकलेत आत! आणि तुम्ही?"

"सर, हे टेक्निकली..." देवऱ्यांनी सुरुवात केली आणि पुढे काय म्हणायचं ते न सुचल्याने तिथेच सोडलं. नेथनने तोंड फिरवलं. तिसऱ्या मजल्यावरून कोणी तरी म्हणालं, "वयच झालंय हो." उज्वला झग्यासकट पायरीवर बसली, आणि ते सरांना सगळ्यात अवघड गेलं.

"झालं काय?" कुसाबाई पुढे आली. "पाणी तर लागलं रेघेला."

"हाताने ओतलं की सगळं बाद होतं, आई," उज्वला जमिनीकडे बघत म्हणाली. "आता नाही होणार."

कुसाबाईने हौदाकडे पाहिलं. मग सरांकडे.

"म्हातारा खोटं बोलतोय," ती म्हणाली. "म्या वतलं. दोन कॅन. लखन हाय साक्षीला."

लखनने मान डोलावली.

"आमच्यात पोरीला मोठ्या कामाचं न्हाऊ घालायचं तर घरच्या झिऱ्याचं पाणी लागतं. म्या म्हणलं, ती जातीय तर जाऊ दे, पर तुमच्या देवाच्या पाण्यात माझंबी थोडं असू दे." तिचा आवाज चढला. "तर ते बाटलं म्हणता? माझ्या पाण्यानं तुमचं पाणी बाटलं? चल रे लखन."

लखन जीपकडे निघाला. कुसाबाईने पदर खोचला. सरांचं तोंड उघडलं. घशात काहीतरी होतं, पण नेहमीप्रमाणे ते यायला वेळ लागणार होता, आणि बाई तर फाटकाच्या दिशेने चार पावलं गेली होती. तेव्हा सरांनी शब्दाची वाट न पाहता सरळ धाव घेतली, ड्रेनेजच्या झाकणाला ठेचकाळले आणि तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. पुन्हा हात पसरून. डासवाल्यापुढे राहिले होते तसेच.

"बाटलं नाही," ते धापा टाकत म्हणाले. "पाणी चांगलंच आहे. आमचा नियम हाताचा आहे, पाण्याचा नाही. तुम्ही गेलात तर... आमच्याकडून एकदा एक माणूस असंच गेलं. मी तेव्हा काही बोललो नाही. तुम्ही नका जाऊ."

कुसाबाई थांबली. पटलं म्हणून नव्हे. म्हातारा खरोखरच पडेल असं वाटलं म्हणून.

"बाई," काठावरून पेझारकरांनी विचारलं, "हा झिरा म्हणजे काय? विहीर?"

"हिर कशाची? दगडातून येतंय पाणी. आमच्या वावराच्या वर."

"पावसाळ्यापुरतं?"

"मे महिन्यात सबंध पाडा येतो तिथं. माझ्या सासऱ्याच्या सासऱ्यापासून आटलं नाय."

"खोल किती?"

"म्हस बसती त्यात, निस्ती शिंगं दिसतात."

पेझारकर उठले. दोघा साक्षीदारांकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या. "एझ्रा, तू झऱ्याचं पान वाचलं नाहीस? जिवंत झऱ्याला मापही नाही नि हौदही नाही. सगळ्या पाण्यांत तेच वरचं."

"वाचलंय," सर म्हणाले. "मला वाटलं, ते तिकडच्या झऱ्यांबद्दल आहे."

"तिकडच्या म्हणजे?"

"पवित्र भूमीतल्या."

सिपोराबाईंनी कपाळाला हात लावला. "तीन महिने खड्डा," त्या म्हणाल्या. "सूनबाईच्या माहेरी एकदा गेला असतात तर?"

साडेअकराला जीप निघाली. पुढे पेझारकर, मागे साक्षीदार, सर, सिपोराबाई मलिद्याचं ताट मांडीवर धरून, कुसाबाई, उज्वला, नेथन, आणि कोणी बोलावलं नसताना देवरे. सूर्य मावळायच्या आत काम व्हायला हवं होतं. साक्ष उजेडातच लागते. लखन मात्र ही जीप भाड्याने चालवायचा, त्याला रोजच्या फेरीची सवय. वणीला एक म्हातारी हात करून उभी दिसली, त्याने जीप थांबवली. पुढे दोघं भाताची रोपं घेऊन चढले. सुरगाण्याच्या अलीकडे फरशीपुलावरून ओढ्याचं पाणी चाललं होतं. शुक्रवारपासून ज्या पावसाची सबंध घर वाट पाहत होतं, तो इथे येऊन पडला होता. जीप काठाशी उभी राहिली. एक तास. दीड तास. छत्रीवाले साक्षीदार घड्याळ बघत, मग उन्हाकडे बघत, मग सरांकडे बघत, आणि सर पाण्याकडे बघत. ओढ्याला रेघ नव्हती.

"उतरलं," कुसाबाई एकदम म्हणाली. "तो दगड दिसला का? दिसला म्हंजे जीप जाती. घाल रे."

पाड्यावर पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. झिरा चढावर, आंब्याखाली. काळ्या दगडाच्या फटीतून पाणी येत होतं आणि खालच्या डोहात आवाज न करता साठत होतं. पाड्यावरच्या बायकांनी न सांगताच जुनी लुगडी धरून चहूबाजूंनी आडोसा केला. उज्वला, सिपोराबाई आणि कुसाबाई आत गेल्या. पेझारकर, दोघं साक्षीदार आणि सर आंब्याला तोंड करून उभे राहिले. देवऱ्यांना आणखी लांब उभं केलं होतं.

पाण्याचा आवाज. मग काहीच नाही. मग सिपोराबाईंचा खणखणीत आवाज : "कोशेर!" म्हणजे बुडी पुरी झाली, एक केसही वर राहिला नाही.

लगेच दुसरा आवाज आला, त्याहून चढा. "कोशेर!" ही कुसाबाई. तसं म्हणावं लागतं असा तिचा समज झाला होता.

मग उज्वलाचा आवाज, आशीर्वाद म्हणणारा, एकाही शब्दाला न अडखळणारा. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सरांनी तो शेकडो वेळा ऐकला होता, तरी त्यांनी आंब्याच्या सालीवर कपाळ टेकलं. दुसरी बुडी. आता आडोसा धरलेल्या बायकाही ओरडल्या. तिसऱ्या बुडीला सबंध पाडा 'कोशेर' म्हणाला, म्हशींनी माना वळवून पाहिलं, आणि पेझारकर हसत हसत डोळे पुसू लागले.

"पंचेचाळीस वर्षांत इतके साक्षीदार मिळाले नव्हते," ते म्हणाले.

त्यांनी तिथेच ताटासमोर एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हटलं. मग ताट सरांच्या हातात आलं. तसंच, पितळी. सरांनी ते उचललं आणि कोणाच्या मानेकडे न बघता आधी कुसाबाईपुढे नेलं.

तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. "आमाला चालतं का हे?"

सरांचं तोंड उघडलं. शब्द आला नाही. मग ते ताट धरून नुसते उभे राहिले. ताट पुढे हललं नाही. कुसाबाईने मूठभर उचलून तोंडात टाकलं.

"गोड हाय," ती म्हणाली. "खोबरं थोडं कमी पडलं."

"नारळ आणायला वेळ कुठे मिळाला!" सिपोराबाई उसळून म्हणाल्या, आणि तिथून दोघींचं जे सुरू झालं ते जीपमध्ये बसेपर्यंत संपलं नाही. ताट मात्र फिरत राहिलं. उज्वला, लखन, रोपं घेऊन चढलेली दोघं, वणीची ती म्हातारी, आडोशाच्या बायका, त्यांच्या कडेवरची पोरं. देवरे दोनदा आले. ताट परत आलं तेव्हा त्यात गुलाबाची एक ओली पाकळी चिकटून होती.

"मास्तर," कुसाबाईने विचारलं, "तुमाला काय ऱ्हायलं?"

सरांनी रिकामं ताट तिरपं करून तिला दाखवलं. त्यांनी पाकळी तोंडात टाकली आणि चावत राहिले.

"काही नाही," ते म्हणाले. एवढ्या मोठ्याने, की लांब बसलेल्या म्हशींनी पुन्हा माना वळवल्या.